डोंगराआडची रेंज

विंचू चावल्यावर वेळ फार महत्त्वाचा असतो. लाल विंचवाच्या विषाने हृदय दुबळे होते, फुप्फुसात पाणी साचते. त्यावर प्राझोसिन ही साधी गोळी गुणकारी ठरते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिले. ती लवकर पोटात जायला हवी. पण पोलादपूर तालुक्यातील कापडे परिसरासारख्या डोंगराळ भागात, रेंज नसलेल्या वाडीवरून आरोग्य केंद्राला कळवायचे कसे?

वाय-फायच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत. मात्र एकमेकांना दिसणाऱ्या दोन उंच जागांवर अँटेना बसवले, की संदेश टप्प्याटप्प्याने दरीत उतरतो. अशी जाळी लोकांनीच उभारावीत, यासाठी हिमाचलातील धरमशाला येथे ऑक्टोबर २००६ मध्ये जगभरचे तंत्रज्ञ जमले होते. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने टीव्ही वाहिन्यांमधल्या रिकाम्या लहरींवरून गावांत इंटरनेट नेले.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड-पोलादपूरमध्ये दरडी कोसळल्या, रस्ते आणि संपर्क तुटले. अशा वेळी बाहेरचा तंत्रज्ञ पोहोचत नाही. म्हणून यंत्रणा उभारतानाच गावातल्या दोघा-चौघांना दुरुस्ती शिकवायला हवी. औषध केंद्रात असूनही निरोप न पोहोचल्याने रुग्ण दगावू नये.