जोडी खरी की योगायोगाची?

प्रोटॉनच्या आत : भाग ६

दोन प्रोटॉन आदळले की कणांचा फवारा उडतो. चुंबकीय क्षेत्रात कण किती वळला, त्यावरून त्याचा संवेग कसा काढतात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आता प्रश्न या कणांच्या आपसातल्या नात्याचा. एकाच दिशेला गेलेले दोन कण मुळातच सोबत निघाले, की योगायोगाने एका वाटेला लागले?

काळेवाडी फाट्यावर संध्याकाळी चाकणच्या कंपन्यांच्या बस थांबतात. एका बसमधून उतरलेल्या दोघांनी जगताप डेअरीचा रस्ता धरला, म्हणून ते मित्र ठरत नाहीत. त्या बाजूला राहणारेच जास्त असतील. म्हणून आधी एकेका बसमधल्या जोड्या मोजायच्या. मग एक माणूस या बसचा, दुसरा भलत्याच बसचा, अशा जोड्या लावायच्या. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं, की रस्त्याचा परिणाम निघून जातो आणि माणसांमधला संबंध तेवढा उरतो.

सर्न प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगात हेच करतात. दोन कणांमध्ये प्रोटॉनांच्या झोताभोवतीच्या कोनाचा फरक किती आणि झोताच्या दिशेने अंतर किती, हे प्रत्येक जोडीसाठी काढायचं. मग एकाच टकरीतल्या जोड्यांना, वेगवेगळ्या टकरींतले कण मिसळून केलेल्या जोड्यांनी भागायचं. शोधयंत्राच्या एखाद्या कोपऱ्यात कण कमी टिपले जात असले, तरी ती खोट दोन्हीकडे सारखीच येते आणि भागाकारात जाते. माझ्या मते या मोजमापाचं सगळं कसब छेदात आहे. मिसळायच्या टकरी सारख्याच गर्दीच्या हव्यात, आदळण्याची जागाही जवळपास तीच हवी. नाहीतर जे नातं दिसेल ते आपणच घुसडलेलं असेल.

सप्टेंबर 2010 मध्ये सीएमएसने असाच एक निष्कर्ष जाहीर केला. 7 टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या टकरींपैकी ज्यांत 110 किंवा अधिक भारित कण निघाले, अशा विरळा टकरी त्यांनी निवडल्या. त्यांत झोताच्या दिशेने एकमेकांपासून फार दूर गेलेले कणही झोताभोवती मात्र एकाच कोनाला झुकलेले दिसले. जड अणुकेंद्रकांच्या टकरींत हे माहीत होतं. दोन प्रोटॉनांत कुणी धरून चाललं नव्हतं. इतकं दूर गेल्यावर नातं जुळायला वेळच नसतो. म्हणजे ते टकरीच्या अगदी सुरुवातीला जुळलेलं असणार. ते द्रवासारख्या प्रवाहातून आलं, की प्रोटॉनमधल्या ग्लुऑनांच्या मूळ मांडणीतून, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

हा निष्कर्ष मांडणाऱ्या निबंधाच्या लेखकांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संशोधकही होते. सीएमएसच्या चुंबकाबाहेरचा, प्लॅस्टिक सिंटिलेटरच्या पट्ट्यांचा ऊर्जामापक उभारण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. आपल्या शेजारची, पाषाणची आयसर आज सीएमएसमध्ये आहे आणि आयआयटी मुंबई सर्नच्याच अॅलिस प्रयोगात.

सीएमएसची 2010 ची बरीचशी विदा 2014 पासून सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर सर्वांना मोफत खुली आहे. आपल्या पट्ट्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींनी ती उतरवून घ्यावी, आणि अंशाला हात लावण्याआधी छेद नीट मिसळून पाहावा.