गाव पळतो, शाळा भरते

मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात दर काही वर्षांनी गाव पळतो. रामेश्वराचा कौल झाला की दिवस ठरतो, घरांना कुलुपं लागतात आणि माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळा बारदाना वेशीबाहेर पडतो. तीन दिवस, तीन रात्री गावात चिटपाखरू नसतं. वेशीपलीकडे झावळ्यांच्या खोपी उभ्या राहतात, चुली पेटतात, रात्री भजनं आणि फुगड्या रंगतात. ही गावपळण. चिंदर, वायंगणी, देवगडातलं मुणगे इथेही ती आहे. तिची कारणं दहा जणांना विचारलीत तर दहा ऐकायला मिळतील. मला त्यात रस आहे तो एवढ्याचसाठी, की गाव असा रिकामा झाला की प्राथमिक शाळेचं काय होतं? कधी सुट्टी जाहीर होते. पण कधी शाळाही गावाबरोबर निघते. माळावर, एखाद्या झाडाच्या सावलीत ताडपत्री अंथरली जाते, हजेरी घेतली जाते आणि पाढे सुरू होतात. शाळा ‘भरते’ आणि ‘सुटते’ असं आपण म्हणतो. इथे गावही तसाच सुटतो आणि भरतो.

एरवीची शाळा बघायला मात्र थोडं चालावं लागतं. मालवण किनाऱ्याचं गाव म्हणजे एका ठिकाणी दाटीनं बसलेली वस्ती नव्हे. वाड्या विखुरलेल्या, मधे व्हाळ, भाताचे कुणगे, माडांची बनं, वर कातळाचा सडा. पावसाळ्यात व्हाळ भरला की पलीकडची वाडी साकवावरूनच, म्हणजे छोट्या पुलावरूनच गाठायची. देवबाग घ्या. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. तोंडवळी-तळाशीलची गत तीच, फक्त खाडी दुसरी. अशा ठिकाणी सहा वर्षांच्या मुलानं आषाढात किती चालायचं? म्हणून एकेका गावात शाळा एकाहून जास्त, आणि त्यांना आकडे: ‘नं. १’, ‘नं. २’. फलकावर ‘जिल्हा परिषद पूर्ण प्राथमिक शाळा’ असेल तर वर्ग पहिली ते सातवी. माणसं मुंबईला जाऊन पट घटला हे खरं, पण इथली शाळा मुळातच लहान होती. मोठी झाली असती तर ती निम्म्या मुलांना पोचलीच नसती.

इमारत जांभ्या चिऱ्यांची, पुढे पडवी, वर कौलं. अलीकडे कौलांच्या जागी पत्रे आलेत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा छपरं उडालेल्या इमारतींत शाळाही होत्या. प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. कुलूप गुरुजी किंवा बाई उघडतात, केर मुलांच्या साथीनं निघतो, आणि शेजारच्या घरातल्या आजी सुट्टीत येता-जाता इमारतीकडे नजर टाकतात. या आजींची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

कागदांचं म्हणाल तर शाळेच्या कपाटात गावाचा इतिहास असतो. त्याचं नाव जनरल रजिस्टर. दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची त्यात एक आडवी ओळ: नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि शेवटी शाळा सोडल्याचं कारण. जुन्या रजिस्टरांचा कागद पिवळा पडलेला, कडा वाळवीनं कुरतडलेल्या, शाई तांबूस. जातीचा दाखला काढायला निघालेल्या माणसाला याच ओळीची गरज पडते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या त्या तारखेच्या आधीचा पुरावा हवा. मग तिशीतला एखादा तरुण मुंबईहून रातराणीनं येतो आणि आजोबा कुठल्या साली पहिलीत बसले ते शोधत बाकावर बसून राहतो. आजोबांचं नाव कधी आडनावाशिवाय, कधी वाडीच्या नावासकट. जन्मतारखांचा भरवसा धरू नये. एकेकाळी गुरुजी मुलाचा अंदाज घ्यायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. गावातले कितीतरी म्हातारे त्यामुळे एकाच दिवशी जन्मले!

मला त्यातला शेवटचा रकाना सगळ्यात बोलका वाटतो. ‘शिक्षण पूर्ण’, ‘गैरहजर’, आणि परत परत येणारं ‘मुंबईस गेल्याने’. कोकणच्या स्थलांतरावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण त्याची इतकी आटोपशीर नोंद दुसरीकडे क्वचितच सापडेल.

शाळा आणि हा मुलूख यांचं नातं तसं जुनं. ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगडातल्या पोंभुर्ल्याचे. पत्रकार दिनी त्यांचा फोटो हारासकट सगळे छापतात, पण प्राथमिक शाळांचे तपासनीस म्हणून त्यांनी काम केलं आणि शिक्षक तयार करणाऱ्या अध्यापनशाळेचे ते संचालक होते, हे शिक्षक दिनालाही कुणी काढत नाही. पुढे लोकल बोर्डाच्या शाळा आल्या, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीतच होता. १ मे १९८१ ला वेगळा झाला.

आता पट. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ वर आली. महाराष्ट्र वाढत असताना हा जिल्हा आकसला. घरं आहेत, माड-पोफळी आहेत, अंगणात तुळस आहे, घरात दोन म्हातारी माणसं आहेत. पहिलीत बसायला पोर नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे दोन खोल्या, दोन शिक्षक आणि पाच किंवा सात इयत्ता.

हे गणित जमतं कसं, ते बघायला एक तास मागच्या बाकावर बसावं. समजा पट अकरा: पहिलीत तीन, दुसरीत एक, तिसरीत चार, चौथीत कुणी नाही, पाचवीत तीन. पहिली-दुसरी एका खोलीत, बाकीचे दुसऱ्या. बाई तिसरीला भागाकार समजावतात, तोवर पाचवीची मुलं शिष्यवृत्तीच्या सरावाचं पुस्तक सोडवतात. ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला असायची, मग काही वर्षं पाचवी-आठवीला होती, आणि तिच्यातल्या यशावर इथल्या शाळा एकमेकींना जोखतात. बाईंचा एक कान कायम भिंतीपलीकडे. तिथला आवाज वाढला तर ठीक, एकदम थांबला तर उठून बघायचं. दुसरीतल्या एकट्या पोराचा पहिला नंबर ठरलेला, पण त्याची पंचाईत वेगळी. जोडीदारानं करायच्या प्रत्येक कृतीला त्याला जोडीदार नसतो. मग पहिलीतल्या एकाला बढती मिळते. तिसरीतलं पोर पाचवीचं सगळं ऐकत असतं आणि मोठा अडखळला की मधेच उत्तर देऊन टाकतं. ‘बहुवर्ग अध्यापन’ हा प्रशिक्षणातला शब्द. गावात म्हणतात, ‘बारक्यांका मोठे शिकवतत.’ बाईंना चक्कर येईल एवढं काम असतं हे कबूल, तरी यातला फायदा नाकारता येणार नाही.

भाषेची गंमत आणखी वेगळी. बरेच शिक्षक कोल्हापूर-सांगलीकडचे, म्हणजे इथल्या बोलीत घाटावरचे. पहिल्या आठवड्यात त्यांना कळत नाही की ‘पाऊस इलो’ बरोबर आणि ‘चेडू इला’ही बरोबर. मालवणीत पुल्लिंगाला ओकार. ‘इला’ हे नपुंसकलिंगाचं रूप, आणि चेडू म्हणजे मुलगी, ती नपुंसकलिंगी. घाटावरच्या कानाला वाटतं, मुलीला मुलगा केला. काल का आला नाहीस, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘बापाशीन रापणीक नेल्यान.’ रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीनं ते समुद्रात अर्धवर्तुळात टाकायचं आणि दोन्ही टोकं सगळ्यांनी मिळून वाळूवरून खेचायची. त्यात पोरांच्या वाट्यालाही मासळी येते. शहाणे गुरुजी या उत्तरावर रागावत नाहीत. किती माणसं होती, वाटे किती झाले, एकाला किती आलं, असं विचारून त्याचाच भागाकार करून घेतात. ‘नीट बोल’ म्हणून पोराला गप्प करणारेही आहेत. त्यांच्या वर्गातलं पोर वर्षभर मानेनंच हो-नाही करतं.

दुपारी पोषण आहार. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, पुढच्यांना १५०. भाताबरोबर मूग, मटकी, वाटाणे. शिजवणारी बाई गावातलीच, बहुधा एखाद्या विद्यार्थ्याची काकी किंवा मावशी. त्यामुळे घरी भांडून उपाशी आलेलं पोर तिला चेहऱ्यावरूनच कळतं. वाढण्याआधी कुणीतरी खाऊन बघायचं आणि चव रजिस्टरात शेरा लिहायचा. ‘चव चांगली आहे’ या वाक्याच्या जितक्या प्रती या रजिस्टरांत असतील तितक्या मराठीत दुसरीकडे नसाव्यात. परसबागेतली मिरची, अळू आणि शेवग्याचा पाला आला की भाताला गावची चव येते. गावात बारसं, वाढदिवस किंवा श्राद्ध असलं की तिथीभोजन: त्या दिवशी कुणाच्या तरी घरून शिरा नाहीतर खीर.

वर्ष सुरू होतं जूनमध्ये, म्हणजे ऐन पावसात. जुलैत लावणी. शाळेलगतच्या कुणग्यात मुलांना उतरवून तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावायला देतात. घरी रोज चिखलात असलेल्या पोराला यात नवल काय, असं वाटतं खरं, पण आता घरी शेती पडीक असलेली मुलंही बरीच. मग रानभाज्यांचं प्रदर्शन. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी. आया भाज्या शिजवून आणतात आणि त्या दिवशी वर्ग त्याच घेतात. बाईंना टाकळा आणि तरोटा एकच हे तेव्हा कळतं. पुढे चवथ. गणपतीला इथे दिवाळीसारखी सुट्टी लागते, कारण कुठल्याही आदेशानं मुलं आलीच नसती.

नवरात्रात शाळेची स्वतःची पूजा. पाटीवर एकाचे आकडे जोडून काढलेली सरस्वती, झेंडूची फुलं, पुस्तकांचा ढीग. पाटी पूजेत असल्यामुळे अभ्यास करायचा नसतो, हा त्या देवीचा खरा प्रसाद. ठिकठिकाणी मूर्ती आणून शारदोत्सव होतो, संध्याकाळी भजनी मंडळ शाळेत बसतं आणि एरवी फाटकाच्या आत पाऊल न टाकणारी माणसं बाकावर अवघडून बसलेली दिसतात. कार्तिकापासून जत्रा. दशावतार रात्रभर चालतो, दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला निम्मा वर्ग पेंगतो आणि मधल्या सुट्टीत त्या खेळातला संकासुर नाचतो. मसुऱ्याच्या आंगणेवाडीला भराडीदेवीची जत्रा असते, तिची तारीख कॅलेंडरवर छापलेली नसते. देवीच्या कौलानं ठरते. ती ठरली की आसपासच्या शाळा त्या आठवड्यात दुसरं काही योजत नाहीत.

हिवाळा स्पर्धांचा. जिल्हा परिषदेचा बाल कला-क्रीडा महोत्सव आणि ‘ज्ञानी मी होणार’ ही सामान्यज्ञानाची स्पर्धा. केंद्र, तालुका, मग जिल्हा. नऊ मुलांच्या शाळेला कबड्डीचा संघ काढायचा तर शाळेत जवळजवळ कुणी उरत नाही. समूहगीताला पेटीवर गावच्या भजनातला बुवा, समूहनृत्याचे कपडे दशावतारी कंपनीकडून मागून आणलेले. रिक्षावाला डिझेलचे पैसे तेवढे घेतो. अशा वेळी शाळा व्यवस्थापन समितीची सभा भरवावी लागत नाही. कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. इथे पालक एकूणच इतके थोडे की बहुतेक घरं कधी ना कधी समितीत येऊन गेलेली असतात.

आणि मुंबई. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षामधून वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये. त्यात खडू, रंग, वीजबिल, दुरुस्ती. उरलेलं मुंबईतले चाकरमानी भागवतात. परळ-लालबागच्या खोल्यांतून चालणारी ग्रामस्थ मंडळं वह्या पाठवतात, पंखे देतात, संगणक देतात. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर कुणाच्या तरी स्मरणार्थ नाव असतं. पंखा फिरला की नाव दिसत नाही, आणि वीज गेली की वर्गभर पितर दिसू लागतात. हे हसण्यावारी नेऊ नये. स्वतःची मुलं मात्र त्यांनी विक्रोळी-डोंबिवलीच्या इंग्रजी शाळांत घातलेली असतात. गावात राहिलेलेही आता पिवळ्या बसमधून मुलं तालुक्याला पाठवतात. शाळा टिकावी असं सगळ्यांना वाटतं, आणि तिथे मुलं दुसऱ्याची बसावीत असंही वाटतं. मी यातून स्वतःला वगळत नाही.

सरकारनं २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आणला. कागदावर दोन किलोमीटर म्हणजे बोटभर रेघ. त्या रेघेखाली साकव असतो, तो नकाशावर नसतो. त्यात शिक्षकांच्या आंतरजिल्हा बदल्या. घाटावरचे गुरुजी दहा-बारा वर्षांनी मालवणी बोलू लागतात आणि नेमके तेव्हाच गावी परत जातात. निरोपाला अख्खी वाडी येते, सोलकढीचं जेवण होतं, बाया डोळे पुसतात आणि पुढच्या महिन्यात नवा माणूस ‘चेडू इला’पाशी अडखळत असतो. तोही आलाच नाही, तर शाळा केंद्रातल्या दुसऱ्या शाळेच्या शिक्षकावर तात्पुरती चालते.

आचऱ्याकडे परत येतो. चौथ्या दिवशी देवाला पुन्हा कौल लावतात. झाला तर गाव परत फिरतो, नाही झाला तर मुक्काम वाढतो. परत येताना गुरं पुढे, मागे डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं. घरोघर अंगणं झाडली जातात. शाळेच्या पडवीत तीन दिवसांची पानं साचलेली असतात. बाई कुलूप काढतात, दोघंजण झाडू घेतात, एक पोरगी घंटेच्या दोरीला लोंबकळते. हजेरी सुरू होते. तिसऱ्या नावाला उत्तर येत नाही.

‘खय गेलो तो?’ बाई विचारतात. आता त्याही तसंच विचारतात.

‘बाई, त्येचो पाडो खोपीकडे ऱ्हवलो. हाडूक गेलो.’

बाई त्याच्यापुढची चौकट रिकामी ठेवतात आणि चौथं नाव घेतात.