मेरिदा : निवृत्त सैनिकांची नगरी

दोन हजार वर्षांपूर्वींची रोमन नगरी पाहावयाची म्हटलें कीं बहुतेकांचें लक्ष प्रथम इटलीकडे जातें. परंतु रोमन लोक परमुलखांत नगरें कशीं वसवीत, आणि त्यांतलें काय टिकलें व काय गेलें, हें एका दिवसांत पायीं हिंडून समजून घ्यावयाचें असेल, तर स्पेनच्या नैर्ऋत्य भागांतील मेरिदाइतकें सोयीचें ठिकाण विरळा. आज तेथें सुमारें ६० हजार लोक राहतात, आणि १९८३ पासून तें एक्स्त्रेमादुरा प्रांताच्या राजधानीचें ठिकाण आहे. म्हणजे हें ओसाड पडलेलें नगर नव्हे. जुन्या नगराच्याच माथ्यावर नवें नगर नांदत आहे.

या गांवाचा जन्म त्याच्या नांवांतच सांगितलेला आहे. सन्मानानें निवृत्त झालेल्या सैनिकास रोमन लोक 'एमेरितुस' म्हणत. स्पेनच्या उत्तरेकडील डोंगरी टोळ्यांशीं झालेल्या युद्धांत लढलेल्या, पांचव्या व दहाव्या सेनाविभागांतील निवृत्त सैनिकांसाठीं सम्राट ऑगस्टसच्या आज्ञेनें इ. स. पूर्व २५ मध्यें ही वसाहत स्थापन झाली. म्हणून 'एमेरिता आउगुस्ता'. यांत औदार्याइतकेंच राजकारणही होतें. हातांत शस्त्र धरण्यापलीकडे दुसरा धंदा न शिकलेले हजारों लोक रिकामे राहिले तर काय होतें, हें रोमनें यादवी युद्धांत पाहिलें होतें. त्यांना जमिनी तोडून दिल्या म्हणजे त्यांचें पोट भरे, आणि नव्यानें जिंकलेल्या मुलखांत भरंवशाची वस्तीही उभी राही. लवकरच हें नगर लुसितानिया प्रांताची राजधानी झालें. आजच्या पोर्तुगालचा बराचसा भाग या प्रांतांत मोडत होता. पोर्तुगीज कवि कामोंइश यानें १५७२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या महाकाव्यास 'लुसियादस' हें नांव दिलें, तें याच प्रांताच्या नांवाशीं नातें सांगतें. हा कवि कांहीं काळ गोव्यास राहिला होता.

सकाळीं प्रवाशानें आरंभ करावा तो ग्वादियाना नदीवरील पुलापासून. रोमन लोक या नदीस 'अनास' म्हणत. पुढें आलेल्या अरबांनीं त्यापूर्वीं 'वादी' हा शब्द जोडला, आणि दोहोंचा मिळून ग्वादियाना झाला. पुलाची लांबी सुमारें ७९० मीटर असून त्यास ६० कमानी आहेत. प्रवाहाच्या बाजूस खांबांना गोलाई दिलेली आहे, आणि कांहीं खांबांच्या पोटांत लहान कमानी ठेविल्या आहेत. महापूर आला कीं पाणी या झरोक्यांतून निघून जातें, खांबावर सगळा भार येत नाहीं. तरीही पुरानें आणि युद्धानें हा पूल अनेकदां मोडला. परंतु त्यावांचून कोणाचेंच चालत नसल्यामुळें प्रत्येक राज्यकर्त्यानें तो पुन्हां बांधून काढला. १९९१ सालीं जवळच नवा पूल झाला, आणि त्यानंतर जुन्या पुलावरून गाड्या जावयाच्या थांबल्या. आतां तो पायीं चालणारांचा आहे.

पुलाच्या टोंकाशीं किल्ला उभा आहे. मेरिदाचे नागरिक वारंवार बंड करीत, म्हणून अमीर दुसरा अब्दुर्रहमान यानें ८३५ सालीं तो बांधविला. त्याच्या भिंतींत रोमन इमारतींचे घडीव दगड उघड दिसतात. आंत नदीचें झिरपलेलें पाणी सांठविणारा हौद आहे. त्याकडे उतरणाऱ्या जिन्याच्या वाटेवर व्हिसिगॉथ लोकांच्या काळांतले कोरीव स्तंभ बसविलेले आहेत. रोमन, व्हिसिगॉथ आणि अरब अशा तीन काळांची कारागिरी तेथें एकाच दृष्टिक्षेपांत येते. दगड खाणींतून काढण्यापेक्षां पडक्या वाड्यांतून उचलणें स्वस्त पडतें, हा व्यवहार सर्व काळीं एकच.

गांवाच्या मध्यभागीं असलेल्या देवळाची कथा निराळी आहे. लोक त्यास डायानाचें देऊळ म्हणतात. प्रत्यक्षांत तें सम्राटपूजेसाठीं होतें असें संशोधनानें ठरलें आहे. सोळाव्या शतकांत एका सरदारानें त्याच्या खांबांच्या आधारानें आपला वाडा उभारला, आणि देऊळ वांचलें तें बरेंचसें त्या वाड्यामुळेंच.

दुपारीं नाट्यगृहाकडे वळावें. ऑगस्टसचा जांवई आग्रिप्पा याच्या नांवाचा शिलालेख तेथें असून बांधकाम इ. स. पूर्व १६-१५ मधलें आहे. सुमारें ६ हजार प्रेक्षकांची येथें सोय होती. रोमन सत्ता लयास गेल्यावर हें गृह मातीखालीं गडप झालें. सर्वांत वरच्या आसनांचे केवळ सात तुकडे जमिनीबाहेर राहिले. गांवकरी त्यांना 'सात खुर्च्या' म्हणत, आणि सात मूर राजे त्यांवर बसून नगराचें भवितव्य ठरवीत अशी गोष्ट सांगत. १९१० सालीं होसे रामोन मेलिदा या संशोधकाच्या देखरेखीखालीं उत्खनन सुरू झालें, तेव्हां त्या खुर्च्यांखालून अख्खें नाट्यगृह वर आलें. १९३३ सालीं तेथें सेनेकाचें 'मेदेआ' हें नाटक झालें. सेनेका हा स्पेनमधल्याच कोर्दोबाचा. शेजारचें सुमारें १५ हजार प्रेक्षकांचें क्रीडागार मल्लयुद्धांचें आणि श्वापदांच्या झुंजींचें. नाटकापेक्षां झुंजीला गर्दी अधिक, हें आसनांच्या संख्येवरूनच कळून येतें.

समोरच १९८६ सालीं उघडलेलें रोमन कलांचें राष्ट्रीय संग्रहालय आहे. राफाएल मोनेओ या वास्तुशिल्पज्ञानें तें विटांच्या उंच कमानींनीं रचलें आहे. त्याच्या तळघरांत जुना रस्ता, घरें आणि थडगीं जागच्या जागीं ठेविलीं आहेत. नदीकांठच्या मोरेरीया भागांत तर प्रांतिक सरकारची कचेरीच रोमन अवशेषांवर खांबांच्या आधारानें उचलून धरली आहे.

संध्याकाळीं 'लोस मिलाग्रोस', म्हणजे चमत्कार, या नांवाचा पाणी वाहून आणणारा सेतु पाहावा. ग्रॅनाइट आणि तांबड्या विटा यांचे आडवे थर असलेले त्याचे खांब सुमारें २५ मीटर उंच आहेत. आज त्यांवर पाणी नाहीं, करकोच्यांचीं घरटीं आहेत. पाणी ज्या प्रोसर्पिना तलावांतून येई तो मात्र गांवाबाहेर अजून भरलेला आहे.

दिवसभरांत पाहिलेल्या या वास्तूंचा हिशेब मांडला तर एक नियम हातीं लागतो. पूल टिकला तो उपयोगांत राहिला म्हणून. देऊळ टिकलें तें कोणी त्यांत राहिला म्हणून. नाट्यगृह टिकलें तें मातीनें झांकलें म्हणून. ज्या वास्तूंच्या वांट्यास यांपैकीं कांहींच आलें नाहीं, त्यांचे दगड शेजाऱ्यांच्या भिंतींत गेले. १९९३ सालीं युनेस्कोनें येथील अवशेषांना जागतिक वारशांत स्थान दिलें, त्यामुळें चौथा मार्ग खुला झाला: जाणूनबुजून राखणें. परंतु त्याची किंमत आजच्या रहिवाशांस मोजावी लागते. जुन्या गांवांत घराचा पाया खणावयाचा तर आधीं उत्खनन. खालीं मोलाचें कांहीं निघालें तर नकाशा बदलावा लागतो, काम लांबतें. ही अडचण आपलीच म्हणून सोसणारे नागरिक जोंवर आहेत तोंवर निवृत्त सैनिकांची ही नगरी सुरक्षित आहे. केवळ कायद्याच्या बळावर ती तशी राहणार नाहीं.