यंत्राची किंमत आणि वचनाची किंमत

घरांत एखादी मोलाची वस्तु आणावयाची ठरली म्हणजे दोन प्रश्न हमखास निघतात. वडील मंडळी विचारतात, "किती पडेल?" आणि तरुण मंडळी म्हणतात, "पण ती काय काय करील तें तर ऐका!" पहिला प्रश्न किंमतीचा, दुसरा वचनाचा. या दोन प्रश्नांचें भांडण २००६ सालीं साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत झालें, आणि त्याला निमित्त झालें एक खेळाचें यंत्र. पोरांच्या खेळण्याची ही हकीकत आमच्या प्रौढ वाचकांस कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु या वादाचा जो शेवट झाला, त्यांत संसार चालविणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्याजोगें कांहीं आहे. म्हणून तो येथें सविस्तर देत आहों.

टीव्हीला जोडून ज्या यंत्रावर गेम खेळतात त्यास कन्सोल म्हणतात. जपानच्या सोनी कंपनीनें प्लेस्टेशन नांवाचें आपलें पहिलें कन्सोल १९९४ सालीं विक्रीस काढलें व दुसरें २००० सालीं. अमेरिकेंत दोन्ही यंत्रें २९९ डॉलरांस मिळूं लागलीं होतीं. त्यांतील दुसऱ्यास तर असें भाग्य लाभलें कीं त्याचा एकूण खप सोळा कोटींवर गेला. तेव्हां तिसरें प्लेस्टेशन केव्हां येतें व कितीला मिळतें, याकडे खेळणारांचे डोळे लागून राहिले होते, यांत नवल नाहीं.

मे २००६ मध्यें लॉस एंजेलिसच्या परिसरांत कंपनीनें किंमत जाहीर केली. वीस गिगाबाईट साठवणीचें यंत्र ४९९ डॉलरांस आणि साठ गिगाबाईटचें ५९९ डॉलरांस! पूर्वीच्या मानानें मोठ्या यंत्राची किंमत एकदम दुप्पट झाली, आणि खेळणारांत तत्काळ दोन तट पडले.

एका तटाचें म्हणणें असें. मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स ३६० हें यंत्र सहा महिन्यांपूर्वींच बाजारांत आलें आहे. त्याचे दोन प्रकार २९९ व ३९९ डॉलरांस मिळतात. मग सहाशें डॉलर कशासाठीं मोजावयाचे? बरें, यंत्र घेऊन भागतें असेंहि नाहीं. प्रत्येक नव्या गेमला साठ डॉलरांच्या आसपास पडणार, आणि भावाबरोबर खेळावयाचें तर दुसरा हातखटका वेगळा विकत घ्यावा लागणार. खेळणें तें खेळणें. त्यासाठीं महिन्याचें गणित बिघडवावें काय?

दुसरा तट म्हणे, हें नुसतें खेळणें नव्हेच. यांत ब्ल्यू-रे नांवाची नवी तबकडी चालते. जुन्या डीव्हीडीच्या एका थरांत ४.७ गिगाबाईट मजकूर मावतो, तर हिच्या एका थरांत २५ मावतो. आणि या तबकडीवर नुसते चित्रपट पाहावयाचें यंत्र आज हजार डॉलरांच्या घरांत आहे. शिवाय मागील प्लेस्टेशनचे गेम यावर चालतील. लिनक्स ही संगणकप्रणाली घातली तर हाच घरचा संगणकहि होईल. हें सारें धरलें तर सहाशें डॉलर महाग कीं स्वस्त?

प्लेस्टेशनचे जनक म्हणून ओळखले जाणारे केन कुतारागी यांनीं तर ही किंमत कदाचित् फारच थोडी असेल, असें म्हटलें. कचेरीच्या खाणावळींतलें जेवण आणि उत्तम उपाहारगृहांतलें जेवण यांच्या दरांची तुलना कशी करावी, असा त्यांचा सवाल होता. हें बोलणें ऐकून पहिला तट अधिकच खवळला, हें सांगावयास नकोच. उपमा चुकीची नव्हती. पण रोज खाणावळींत जेवणारास ती ऐकविण्याची ही वेळ नव्हती.

आतां निवाडा करावयाचा तर यंत्र उघडून पाहिलें पाहिजे. त्याच्या पोटांत सेल नांवाची चिप होती. ती सोनी, तोशिबा आणि आयबीएम या तीन कंपन्यांनीं कित्येक वर्षें खपून तयार केली होती. ब्ल्यू-रेसाठीं लागणारी निळ्या लेसरची सामग्री तेव्हां दुर्मिळ होती. तिच्याच तुटवड्यामुळें यूरोपांतील विक्री मार्च २००७ पर्यंत लांबली. आयसप्लाय या संस्थेनें यंत्राचा एकेक भाग सुटा करून हिशेब मांडला, तो साठ गिगाबाईटच्या यंत्रास सुमारें ८४० डॉलर इतका भरला. म्हणजे ज्या किंमतीस लोक महाग म्हणत होते, तिच्यांतहि कंपनी दर यंत्रामागें सुमारें २४० डॉलरांस बुडत होती! या धंद्याची रीतच अशी आहे कीं यंत्र तोट्यांत द्यावें आणि पुढें विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागें मिळणाऱ्या हिश्श्यांतून तो तोटा भरून काढावा. पण या खेपेस तोटा फार मोठा झाला. मार्च २००७ अखेर संपलेल्या वर्षांत कंपनीच्या गेमविभागास २३,००० कोटि येनांहून अधिक खोट आली.

तात्पर्य, किंमत लबाडीची नव्हती. परंतु करणारास किती खर्च आला याच्याशीं घेणाराच्या खिशास कर्तव्य नसतें, हेंहि तितकेंच खरें. नोव्हेंबर २००६ मध्यें विक्री सुरू झाली. जपानांत तर त्यापूर्वींच लहान यंत्राची किंमत सुमारें वीस टक्क्यांनीं उतरवावी लागली होती. अमेरिकेंत यंत्र आल्यावर दोनच दिवसांनीं निन्तेंदो कंपनीचें वी हें कन्सोल २५० डॉलरांस आलें. त्याची शक्ति बेताचीच. पण हातांतील दांडी हलविली कीं पडद्यावर चेंडू टोलविला जाई, आणि त्यामुळें ज्यांनीं जन्मांत कधीं गेम खेळला नव्हता अशीं आजोबा-आजीहि खेळूं लागलीं. त्याचा खप दहा कोटींवर गेला. प्लेस्टेशन ३ चा पावणेनऊ कोटींच्या आसपास थांबला.

म्हणून वचनाचा तट सर्वस्वीं हरला असें मात्र नव्हे. ब्ल्यू-रेची प्रतिस्पर्धी असलेली एचडी डीव्हीडी तोशिबानें फेब्रुवारी २००८ मध्यें मागें घेतली, आणि ब्ल्यू-रेविषयींचें भाकीत खरें ठरलें. २००९ सालीं सुटसुटीत बांध्याचें नवें यंत्र २९९ डॉलरांस मिळूं लागलें. ज्यांच्यासाठीं हें यंत्र घ्यावें असे नामांकित गेमहि मागाहूनच आले. 'द लास्ट ऑफ अस' हा तर २०१३ सालीं, म्हणजे यंत्र निघाल्यानंतर साडेसहा वर्षांनीं. ज्यानें धीर धरला त्यास अर्ध्या किंमतीत भरलेलें ताट मिळालें. ज्यानें पहिल्याच दिवशीं रांग लावली, त्यानें त्या ताटाच्या आशेवर पूर्ण दाम मोजला.

परंतु एक प्रश्न दोन्ही तटांपैकीं बहुतेक कोणीच विचारला नव्हता. दिलेलें वचन पुढें परत घेतलें तर?

मागील प्लेस्टेशनचे गेम चालतील हें एक वचन होतें. २००७ अखेर निघालेल्या चाळीस गिगाबाईटच्या नव्या यंत्रांतून ती सोय गेली. तें एक वेळ क्षम्य मानूं. ज्यांचीं जुनीं यंत्रें होतीं त्यांच्या हातचें कांहीं गेलें नाहीं, आणि नव्यांनीं पाहून घेतलें. लिनक्सची गोष्ट मात्र निराळी. या सोयीचा उपयोग खरोखरीच झाला होता. अमेरिकेच्या हवाईदलाच्या संशोधनशाळेनें अशीं सुमारें १,७०० यंत्रें एकत्र जोडून एक महासंगणक उभारला. एप्रिल २०१० मध्यें कंपनीनें सुरक्षिततेचें कारण देऊन जी सुधारणा इंटरनेटवरून पाठविली, तिनें विकलेल्या यंत्रांतूनहि ही सोय काढून टाकली. सुधारणा नको म्हणावें, तर दूरच्या मित्रांशीं खेळणें व कंपनीच्या दुकानांतून गेम घेणें बंद! वस्तु आपल्या दिवाणखान्यांत, पावती आपल्या पेटींत, आणि तरी तिच्यांतील एक गुण विकणारानें दुरून काढून नेला. कांहीं ग्राहक अमेरिकेच्या न्यायालयांत गेले. वाद वर्षानुवर्षें चालला आणि २०१८ सालीं ३७॥ लाख डॉलरांची तडजोड होऊन मिटला. ग्राहकांच्या वांट्यास थोडे डॉलर आले. काढून घेतलेली सोय कांहीं परत आली नाहीं.

कंपनीहि या अनुभवानें शहाणी झाली, असें म्हणावयास हरकत नाहीं. २०१३ सालीं चौथें प्लेस्टेशन तिनें ३९९ डॉलरांस काढलें. त्या वेळीं प्रतिस्पर्ध्याचें यंत्र ४९९ डॉलरांस होतें, आणि महागपणाचा ठपका या खेपेस त्याच्या माथीं बसला. आतां ग्राहकानें शहाणें व्हावयाचें राहिलें. आज आपल्याहि घरांत इंटरनेटशीं जोडलेलीं यंत्रें पुष्कळ आहेत, आणि हीं सारीं विकल्यानंतरहि कांहीं अंशीं विकणाराच्या हातांत राहतात. अशी वस्तु घेतांना आज तिच्यांत जें आहे त्याचीच किंमत करावी. उद्यां जें येईल असें सांगतात, त्याचें मोल तें आल्यावर ठरवावें.

घरांतील मुलानें अशा यंत्राचा हट्ट धरला तर त्यास 'खेळणें' म्हणून उडवून लावूं नये. त्याच्या बोलण्यांत बहुधा तथ्य असतें, हें वरील हकीकतीवरून दिसेलच. वडिलांनीं आपला प्रश्न विचारावा, मुलानें आपला मांडावा. मात्र दोघांनीं मिळून तिसराहि विचारावा: जें आज देतां, तें उद्यां काढून तर नेणार नाहीं ना? त्याचें समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पैशाची पिशवी उघडण्याची घाई नको.