लॅपटॉप रुसला, खो कुठे अडला?

अमेरिकेतल्या मराठी घरात तिखट-मिठाच्या डब्याइतकीच हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे 'कॉम्प्युटरमध्ये' असलेला एक तरी माणूस. आणि रविवारी सकाळी लॅपटॉप सुरू होत नाही म्हटल्यावर सर्वांत जास्त गडबडतो तोही बहुधा हाच माणूस. यात त्याचा काही दोष नाही. बँकेचा डेटाबेस सांभाळणे वेगळे आणि काळ्या पडद्याकडे बघत बसलेल्या यंत्राची नाडी तपासणे वेगळे. हृदयरोगतज्ज्ञाला दाढदुखीवर औषध विचारावे, तशातलाच हा प्रकार.

मग घरात चर्चासत्र भरते. एक म्हणतो, "बॅटरी गेली." दुसरा म्हणतो, "व्हायरस शिरला." तिसरा म्हणतो, "जुना झालाय, नवा घेऊन टाका." आणि चौथा, जो सर्वांत आत्मविश्वासाने बोलतो, तो म्हणतो, "एवढं काय त्यात? रीसेट मारा, होईल चालू!"

आमच्या मते या चौघांत सर्वांत धोक्याचा सल्ला चौथ्याचा. कारण लॅपटॉप नवा मिळतो, पण त्यात ठेवलेले आजोबांच्या आवाजातले रेकॉर्डिंग नवे मिळत नाही. व्हीएचएस कॅसेटवरून उतरवून घेतलेले लग्न, मुलांचे बालपणाचे फोटो, सात वर्षांचे टॅक्स रिटर्न, ओसीआयच्या कागदांचे स्कॅन, असा आपला निम्मा संसार हल्ली त्या पातळ डब्यात असतो. म्हणून या लेखातून एकच गोष्ट सांगायची आहे : लॅपटॉप सुरू झाला नाही म्हणजे आतले सगळे गेले, असे मुळीच नाही. तो कुठे अडला हे आधी शोधा आणि मगच औषध द्या. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत व्हायची.

बूट आणि खो-खो

यंत्र सुरू होण्याला 'बूट होणे' म्हणतात. हा शब्द खरोखरच पायातल्या बुटावरून आला आहे. बुटाचा पट्टा धरून स्वतःच स्वतःला वर उचलणे, अशा अर्थाचा इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे. संगणकापुढचा पेच तसाच असतो. कोणताही प्रोग्रॅम स्मृतीत आणायचा तर ते काम करायला आधी एक प्रोग्रॅम हवा. मग पहिला आणणार कोण? यावर उपाय असा की, एक छोटा प्रोग्रॅम यंत्राच्या चिपमध्येच कायमचा ठेवतात. तो पुढच्याला उठवतो, तो त्याच्या पुढच्याला.

म्हणजे हा सरळसरळ आपला खो-खो झाला. पहिला खो विजेचा. दुसरा चिपमधल्या प्रोग्रॅमचा, ज्याला पूर्वी बायॉस म्हणत आणि आता यूईएफआय म्हणतात. तो स्मृती, कळफलक, पडदा यांची हजेरी घेतो. तिसरा डिस्कचा आणि चौथा विंडोजचा. खेळ थांबला की पाटीवरच्या सगळ्यांना बदलत नाहीत. कोणाला खो मिळाला नाही, एवढेच पाहतात.

पहिला खो : वीज

बटण दाबले, पण ना दिवा, ना पंखा, ना आवाज. आधी भिंतीवरचा प्लग बदला आणि ॲडाप्टरवरचा दिवा बघा. आता बरेच लॅपटॉप यूएसबी-सी केबलने चार्ज होतात, त्यामुळे घाईत फोनचा चार्जर लावला जातो. लॅपटॉपला ६५ वॉट हवे असतील, तर फोनचा २० वॉटचा चार्जर त्याला पुरत नाही. म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून नुसत्या शेंगदाण्यांवर बोळवण केल्यासारखे.

योग्य ॲडाप्टर लावून अर्धा तास थांबा. तरी हालचाल नसेल, तर ॲडाप्टर काढा, बॅटरी बाहेर निघत असेल तर तीही काढा आणि सुरू करण्याचे बटण ३० सेकंद दाबून धरा. आत साठलेला उरलासुरला विद्युतभार त्यामुळे निघून जातो. नंतर ॲडाप्टर जोडून बघा. ऐकायला हा उपाय आजीबाईच्या बटव्यातला वाटतो, पण पुष्कळ वेळा लागू पडतो.

भारतातून परत आल्यावर लॅपटॉप बंद पडला, की "तिकडच्या २३० व्होल्टने जळला" असे निदान लगेच होते. ॲडाप्टरवरची बारीक अक्षरे वाचा. 'इनपुट १००-२४० व्होल्ट' असे लिहिलेले असेल, तर तो तिथल्या २३० व्होल्टवर आणि इथल्या १२० व्होल्टवर सारखाच चालतो. ट्रान्सफॉर्मर लागत नाही, फक्त पिन बदलावी लागते.

एका बाबतीत मात्र प्रयोग नकोत. टचपॅड वर आला असेल, झाकण नीट मिटत नसेल किंवा तळ फुगलेला दिसत असेल, तर आतली लिथियम बॅटरी वायू धरून फुगली आहे. ती चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका आणि असा लॅपटॉप विमानातही नेऊ नका. दुरुस्तीवाल्याकडून ती आधी काढून घ्या. फायली डिस्कवर असतात, बॅटरीत नव्हे.

दुसरा खो : अंधारातला जिवंतपणा

दिवे लागले, पंखा फिरला, पण पडदा काळा. अशा वेळी कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर बहुधा यंत्र जागे आहे, पडद्याचीच तब्येत बिघडली आहे. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसले तर मागचा प्रकाश गेला आहे, एवढेच. एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडा आणि विंडोज व पी या कळा एकदम दाबून बघा. टीव्हीवर चित्र आले, तर सुटकेचा निःश्वास टाकायच्या आधी बाहेरची डिस्क जोडा आणि फायली उतरवून घ्या. पडद्याचे पुढे पाहता येईल.

चित्र कुठेच नाही, उलट ठराविक बीप ऐकू येतात किंवा एखादा दिवा मोजून लुकलुकतो, तेव्हा यंत्र आपल्याला खुणेने काही सांगत असते. किती वेळा, ते मोजून लिहून ठेवा. त्याचा अर्थ त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेला असतो. बऱ्याचदा तो स्मृतीच्या पट्टीविषयी असतो. जुन्या लॅपटॉपमध्ये ती पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवता येते, नव्या पातळ यंत्रांत ती बोर्डलाच डाग देऊन जोडलेली असते. दर वेळी घड्याळ भलतीच तारीख दाखवत असेल, तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. तो खर्च थोडक्या डॉलरचा.

तिसरा खो : डिस्क

कंपनीचे चिन्ह उमटले आणि मग 'नो बूटेबल डिव्हाइस' अशी पाटी आली, की पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. आधी लॅपटॉपला लावलेले पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याचे कार्ड काढा. कधीकधी यंत्र बिचारे गणपतीच्या गाण्यांच्या पेनड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसलेले असते!

तरी पाटी गेली नाही, तर सुरू होताना एफ२, एफ१० किंवा डिलीट (कंपनीप्रमाणे कळ बदलते) दाबून सेटअपमध्ये जा आणि डिस्कचे नाव दिसते का, ते पाहा. दिसत असेल तर डिस्क निदान हाकेला ओ देते आहे. दिसत नसेल तर ती सैल झाली आहे किंवा गेली आहे. पाहायचे ते डोळ्यांनी, हातांनी नाही. तिथल्या सेटिंग्ज बदलल्या की नवे दुखणे मागे लागते.

जुन्या पद्धतीची, आत चकती फिरणारी डिस्क असेल आणि ती टकटक असा आवाज करत असेल, तर तत्क्षणी यंत्र बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू करून बघण्याने चकतीवर ओरखडे वाढत जातात. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. फ्रीजरच्या दमटपणाने नुकसानच होते. फायली अनमोल असतील तर माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच जा. खर्च शेकडो डॉलरचा, कधी हजाराच्याही वर असतो.

आणि तो चहा पाजताना लॅपटॉपवर सांडला, तर? लगेच प्लग काढा, बटण दाबून धरून यंत्र बंद करा आणि पालथे घाला. हेअर ड्रायर नको, तांदळात पुरणेही नको. दूध-साखरेचा चिकट थर तांदूळ शोषून घेत नाही. तो आत राहून धातू गंजवतो, म्हणून यंत्र उघडून साफच करावे लागते.

चौथा खो : विंडोज

चिन्ह दिसते, टिंबे गोल गोल फिरतात आणि फिरतच राहतात. अशा वेळी घाई नको. अपडेट चालू असेल तर तासभरही लागू शकतो. तासाभरानेही काही झाले नाही, तर बटण दाबून बंद करा. असे लागोपाठ दोन-तीनदा अर्धवट सुरू झाले की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा उघडते. तिथे ट्रबलशूट आणि मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जायचे. औषधांचा क्रम सौम्यापासून जहालाकडे ठेवावा : आधी स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचे अपडेट काढून टाकणे, मग सिस्टिम रिस्टोअर, मग सेफ मोड. तिथेच सुरुवातीला ठळकपणे दिसते ते 'रीसेट'. त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडले की सगळे पुसले जाते. 'कीप माय फाइल्स' निवडले तरी बसवलेले प्रोग्रॅम जातात. फायलींची प्रत हाती आल्याखेरीज त्याला हात लावू नये.

१९ जुलै २०२४ हा दिवस पुष्कळांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवत बसले. विमाने रद्द झाली, भारतात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पण त्या यंत्रांतला मजकूर नाहीसा झालेला नव्हता. चौथा खो अडला होता, इतकेच. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली की यंत्र उठत होते. मात्र अनेक ठिकाणी त्याआधीच यंत्राने एक किल्ली मागितली आणि ती चटकन कोणाला सापडेना.

४८ आकड्यांची किल्ली

ही किल्ली आपल्या घरातही लागते. आताच्या बहुतेक लॅपटॉपवर डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असते. विंडोज ११ च्या २०२४ साली आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने सुरू केलेल्या यंत्रांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की ते आपोआप लागते. चोराच्या हाती लॅपटॉप पडला, तर या कुलपाचा उपयोग आहेच. पण सेटअपमध्ये काही बदलले, आतला बोर्ड बदलला किंवा डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली, की ४८ आकडी रिकव्हरी की द्यावी लागते. ती नसेल तर धडधाकट डिस्कही आपल्याला परकी होते. मायक्रोसॉफ्टलाही ती नव्याने बनवून देता येत नाही.

किल्ली सहसा ज्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्या खात्यात जपलेली असते. आपल्या घरांत गोम इथेच आहे. आई-बाबांचा लॅपटॉप सुरू करून दिलेला असतो मुलाने, स्वतःच्या खात्याने, आणि तो आता कॉलेजात किंवा दुसऱ्या राज्यात. तेव्हा आधी त्याला फोन लावा. पडद्यावर किल्लीच्या ओळखखुणेची पहिली आठ अक्षरे दिसतात, ती जुळवून मगच आकडे भरा.

मॅकवाल्यांनी हसू नये. २०२० पासूनच्या ॲपल सिलिकॉन मॅकवर बटण दाबून धरले की दुरुस्तीचे पर्याय येतात आणि डिस्क युटिलिटीतले फर्स्ट एड चालवता येते. पण तिथली साठवण त्या चिपशीच बांधलेली असते, काढून दुसरीकडे लावता येत नाही. तिथे टाइम मशीनची प्रत हाच आधार.

फोनवरचा दवाखाना

आता भारतातून येणारा फोन. "आई, दिवा लागलाय का?" "अरे, केव्हाच लावला, शुभंकरोती पण झाली." "तो नाही गं, लॅपटॉपचा!" असे संवाद घरोघरी होतात. यावर सोपा मार्ग म्हणजे उपाय सांगण्याआधी चारच प्रश्न विचारणे. दिवा दिसतो का? कंपनीचे नाव येते का? टिंबे फिरतात का? पडद्यावर काही लिहिलंय का? असेल तर बाबांना म्हणावे, "तुम्ही त्याचा फोटो पाठवा." चार उत्तरांत खो कुठे अडला ते कळते. मग कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे जाताना त्यांच्या हाती एक चिठ्ठीही देता येते : 'फक्त पडदा पाहावा. फॉरमॅट करू नये.' ही शेवटची ओळ इथल्या दुकानदारालाही लिहून द्यावी.

हे सारे लॅपटॉप बिघडल्यावरचे. तहान लागल्यावर विहीर खणायची नसेल, तर येत्या रविवारी, तो चालू असतानाच, तीन कामे उरका. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा आणि असेल तर किल्ली कोणाच्या खात्यात आहे ते शोधा. फोटो आणि रेकॉर्डिंग बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. वनड्राइव्हवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण इथे पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते. तिसरे काम पाच मिनिटांचे : ते ४८ आकडे कागदावर स्वच्छ अक्षरात लिहा आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे, तर घरातल्या पासपोर्टांच्या शेजारी ठेवा.

एवढे झाले की लॅपटॉपला खुशाल रुसू द्या. त्याची समजूत सावकाश काढता येईल.