कॅमेराधार, दूरनियंत्रित विमानावरील

रेडिओ तरंगांद्वारे नियंत्रित केल्या जाणाऱ्या मानवरहित विमानातील कॅमेऱ्याचा रोख विमानाच्या हेलकाव्यांपासून अलिप्त राखणाऱ्या व तो जमिनीवरून हवा तसा बदलू देणाऱ्या यंत्रणेस कॅमेराधार म्हणतात.

विमान कुशीवर कलते, त्याचे नाक वरखाली होते किंवा डावी-उजवीकडे वळते. लहान विमान हलके असल्याने वाऱ्याच्या झोतामुळे या तिन्ही हालचाली जलद घडतात. विमान जागेवरून थोडे सरकण्यापेक्षा त्याचे कलणे कॅमेऱ्याला अधिक बाधक असते. १०० मी. उंचीवरून सरळ खाली रोखलेला कॅमेरा १० सेंमी. सरकला, तर दृश्यही तेवढेच सरकते; परंतु तो १° कलला, तर दृश्याचा मध्य सु. १.७५ मी. ढळतो. कॅमेरा सेकंदाला ३०° या वेगाने वळत असेल, तर १/५०० सेकंद झडप उघडी राहिली तरी जमिनीवरील बिंदू सु. १० सेंमी. लांबीची रेघ होऊन उमटतो. म्हणून स्थिरीकरणाचे पहिले उद्दिष्ट कोन राखणे हे असते.

इतिहास : फ्रान्समध्ये आर्थर बाट्यू यांनी १८८८ मध्ये पतंगाला कॅमेरा बांधून छायाचित्रे घेतली. १९१२ मध्ये प्येअर पिकाव्हे यांनी कप्प्या व दोरी यांच्या साहाय्याने पतंगाच्या दोरीखाली कॅमेरा समपातळीत लोंबता ठेवण्याची युक्ती मांडली. ही युक्ती गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असल्याने विमानात अपुरी पडते. सेकंदाला २० मी. वेगाने व ७० मी. त्रिज्येने वळणाऱ्या विमानातील लंबक खऱ्या उभ्या दिशेपासून सु. ३०° ढळतो. विमान योग्य तितके कलून वळत असेल, तर लंबकाला हे कलणे जाणवतच नाही.

रचना : परस्परलंब अक्षांभोवती फिरणाऱ्या दोन किंवा तीन चौकटी एकीत एक बसवून प्रत्येकीस मोटर जोडतात. कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य अक्षांच्या छेदनबिंदूवर आणणे आवश्यक असते. अन्यथा मोटरची शक्ती केवळ वजन तोलण्यात खर्ची पडते. एंजिन व पंखा यांची जलद कंपने मोटरला आवरता येत नाहीत. ती शोषण्यासाठी संपूर्ण आधार रबरी गोळ्यांवर टांगतात.

स्थिरीकरण : कॅमेऱ्यालगतची सूक्ष्म घूर्णी कोनीय वेग मोजते [⟶ घूर्णी]. त्याच्या बेरजेवरून कोन मिळतो. पण मापनातील अल्प त्रुटीही साचत जाऊन क्षितिज हळूहळू तिरपे होते. प्रवेगमापक खालची दिशा दाखवितो. मात्र वळणात तोही लंबकासारखाच फसतो. म्हणून क्षणाक्षणाच्या बदलासाठी घूर्णीवर आणि दीर्घकालीन दुरुस्तीसाठी प्रवेगमापकावर भिस्त ठेवतात. चांगल्या यंत्रणेत उपग्रह मार्गनिर्देशनाने मिळालेल्या वेगावरून वळणाचा प्रवेग वजा करतात. उभ्या अक्षाभोवतीची दिशा गुरुत्वावरून कळत नसल्याने तीसाठी चुंबकीय होकायंत्रासारखे साधन लागते. इष्ट व प्रत्यक्ष कोनांतील फरकानुसार संगणक मोटरला उलट दिशेने फिरवितो.

पूर्वी यासाठी सर्व्हो मोटर वापरीत. तिला साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी १ ते २ मिलिसेकंद रुंदीचा स्पंद मिळतो व त्या रुंदीनुसार दांड्याचा कोन ठरतो. आज्ञांमधील हे अंतर व दंतचक्रांतील ढिलेपणा यांमुळे चित्र धक्के खात असे. २०१२ नंतर दंतचक्रविरहित, ब्रशरहित मोटरींचा प्रसार झाला व हा दोष पुष्कळ कमी झाला.

दिग्नियंत्रण : जमिनीवरील चालकाची आज्ञा मोटरला थेट दिली जात नाही, तशी दिल्यास स्थिरीकरण तिला हेलकावा समजून विरोध करील. आज्ञेने केवळ इष्ट कोन बदलतो आणि कॅमेरा त्यामागे जातो. दृश्य मोठे करून पाहताना तीच हालचाल पडद्यावर अधिक जलद भासते, म्हणून आज्ञेचा वेग त्या प्रमाणात घटवितात. दोन अक्षांच्या आधारात कॅमेरा सरळ खाली रोखला असता आडव्या वळणाचा अक्ष व भिंगाचा अक्ष एक होतात. लक्ष्य विमानाखालून जाताना आधाराला एकाएकी १८०° फिरावे लागते व लक्ष्य सुटू शकते. तिसरा अक्ष किंवा किंचित बाजूचा उड्डाणमार्ग हे त्यावरील उपाय होत.

उपयोग व मर्यादा : शोधकार्य, पूल व विद्युत् वाहिन्या यांची पाहणी, चित्रपट इत्यादींत असे आधार वापरतात. केंद्र शासनाने २०२० मध्ये सुरू केलेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांतील मिळकतींचे नकाशे मानवरहित विमानांतून घेतलेल्या चित्रांवरून तयार होतात. सर्वेक्षणाच्या काही विमानांत कॅमेरा पक्का बसवून कल नंतर गणिताने दुरुस्त करतात. तथापि गणिताने दुरुस्त होतो तो कल. पुसट उमटलेली किंवा तिरप्या रोखामुळे छपराआड गेलेली भिंतीची कड त्या चित्रातून पुन्हा मिळत नाही. दोन घरांमधील सीमा त्या कडेवरून ठरावयाची असेल, तर चित्र घेतानाच कॅमेरा स्थिर असणे अगत्याचे ठरते.