दाखल्यावरचा शेरा

पाठीचे जुनाट दुखणे घेऊन अमेरिकेतील एखादी स्त्री डॉक्टरांकडे जाते, अफूच्या गोत्रातील ओपिऑइड गोळी रीतसर चिठ्ठीवर मिळवते, आणि पुढे तीच गोळी दुखण्यापेक्षा झोपेसाठी, धास्तीवर उतारा म्हणून, ठरल्याहून अधिक घेऊ लागते, तेव्हा घरात कोणालाही शंका येत नाही. कारण औषधाच्या दुकानातून उजळ माथ्याने आणलेल्या वस्तूला व्यसन म्हणण्याचा प्रघातच नाही. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइड गोळी बाजारात आल्यानंतर अशा चिठ्ठ्यांचा सुळसुळाट झाला. तेथील रोगनियंत्रण केंद्राच्या २०१३ मधील अहवालानुसार १९९९ ते २०१० या अवधीत वेदनाशामकांच्या अतिमात्रेने सुमारे ४८,००० स्त्रिया दगावल्या. या मृत्यूंची वार्षिक संख्या स्त्रियांत पाचपटीने वाढली, पुरुषांत साडेतीन पटींहून थोडी अधिक. स्त्रियांच्या दर दहा आत्महत्यांपैकी एकीत या औषधांचा संबंध होता.

हा हिशेबही अपुराच मानला पाहिजे. मागे काही लिहून ठेवलेले सापडले नाही, की मृत्यूच्या दाखल्यावर ‘अपघात’ असा शेरा पडतो आणि दप्तर बंद होते. नोरा व्होल्कॉव आणि मारिया ओकेंडो या मनोविकारतज्ज्ञ विदुषींनी २०१८ साली नेमके याच अनुक्त आत्महत्यांकडे लक्ष वेधले. मरणाचा निश्चित संकल्प नाही आणि जगण्याची आस्थाही उरलेली नाही, अशा संधिप्रकाशातील मनःस्थितीला सरकारी नमुन्यात रकानाच नसतो.

स्त्रियांना दीर्घकालीन वेदना अधिक असतात, वेदनाशामके अधिक काळ मिळतात, आणि विषण्णतेचा विकारही त्यांच्यात अधिक आढळतो. अमेरिकी माजी सैनिकांच्या पाहणीतही ओपिऑइड-व्यसन व आत्महत्या यांचा संबंध पुरुषांपेक्षा स्त्रियांत दृढ दिसला. यावर गोळ्या तडकाफडकी बंद करण्याचा उपाय मला तरी आततायी वाटतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेच २०१९ साली बजावले, की अशा आकस्मिक बंदीने तीव्र यातना, मानसिक क्लेश आणि आत्महत्याही ओढवू शकते. मात्रा हळूहळू उतरवणे, ब्युप्रेनॉर्फिनसारखे उपचार देणे आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येतात का, हे स्पष्टपणे विचारणे, हाच शहाणपणाचा मार्ग. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे.

आपल्याकडे ट्रामाडोल हे ओपिऑइड वेदनाशामक २०१८ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. तरी घरातील कोणाच्या गोळ्या मुदतीआधी संपू लागल्या, तर दटावू नका, आस्थेने विचारा, आणि १४४१६ या टेलि-मानस मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर विनाविलंब बोला.